पहिलं दाबा

१

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आनंदा घरत बोलत होता. जासईच्या कंटेनर यार्डात पहिल्या पाळीला निघाला असताना बांधावरच्या गवतात त्याला घोणस चावली. तो स्वतःच्या पायांनी घरी परत आला, ओट्यावर बसला आणि बायकोला म्हणाला, "कोमल, पयलं दाब."

कोमलने पहिलं दाबलं. साडेअकराला आनंदा गेला.

आमच्या या पट्ट्यात 'पहिलं दाबा' शाळेच्या भिंतींवर रंगवलेलं असतं. चिरनेरचे महादेव मोकल, सगळ्यांचे काका, चाळीस वर्षं साप पकडतात आणि माणसं वाचवतात. सापाचं इंजेक्शन आज या दवाखान्यात असतं, उद्या नसतं. ते आज कुठे आहे आणि आज कुणाचा फोन चालू आहे, हे त्यांच्या वेबसाइटवर रोज लिहिलेलं असायचं. फोन बदलायचे, दवाखाने बदलायचे. म्हणून काकांनी गावोगाव सांगून ठेवलं होतं की नंबर पाठ करू नका. मोबाइलवर 'साप चावला पनवेल' लिहा आणि पहिलं येईल ते दाबा.

सोळा वर्षं पहिले काकाच येत होते.

पाचव्या दिवशी कोमल माझ्या खांदा कॉलनीतल्या गाळ्यात आली. पोळी-भाजी केंद्र आणि झेरॉक्स यांच्यामध्ये माझी पाटी आहे: 'वेबसाइट वर आणून मिळेल'. क्लासवाले, केटरर, दातांचे डॉक्टर माझ्याकडे येतात. नवऱ्याच्या मरणाचा हिशोब विचारायला कुणी आलं नव्हतं.

"मॅडम, तुमी हा फोन बघा आनि सांगा, मी चुकीचा दाबला काय?"

तिची सासू शकूबाई आत आलीच नाही. पायरीवर बसून सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं बोलत होती. "चुकीचाच दाबला! म्हादेवाचा नंबर असता तर माजा आनंदा मेला असता काय?"

"आई, काकांनी पोलिसांना सांगितलंय ना, चूक त्यांची हाय म्हनून?"

"म्हादेव इसरंल? जो माणूस अमुशापुनवेला सुदिक फोन उचलायला इसरला नाय, तो? तुज्यासाठी खोटं बोलतंय तो देवमाणूस. तेराव्यानंतर तू तुज्या म्हायेरी. नातू हितं."

नातू चार वर्षांचा. कोमलने मान खाली घातली, फोन मात्र माझ्यापुढे धरून ठेवला.

फोनमध्ये सगळं जागेवर होतं. सात बाराला तिने शोधलं होतं, आणि जे दाबलं ते पहिलंच होतं. मी माझ्या संगणकावर तेच शब्द लिहिले. पहिलं तेच आलं. नाव तेच, काकांचा फोटो तोच. फोन नंबर मात्र काकांच्या कुठल्याही माणसाचा नव्हता.

मी खोलात गेले. पान आनंदा गेला त्याच्या तेवीस दिवस आधी लिहिलेलं होतं. आणि वेबसाइटच्या ज्या पत्त्यावर ते उभं होतं, तो पत्ता सोळा वर्षांचा होता.

२

शोधात कोण वर येणार हे नक्की कुणालाच माहीत नसतं. आम्ही धंदेवाले अंदाजावर जगतो, पण एक अंदाज सहसा चुकत नाही. नव्या सोयरिकीत मुलाची चौकशी करताना आपण काय करतो? त्याला किती जण ओळखतात हे विचारतोच, पण किती वर्षं ओळखतात हेही विचारतो. वेबसाइटचंही तसंच. दुसऱ्या पानांवरून तिच्याकडे येणाऱ्या लिंका म्हणजे तिचे ओळखीचे. एका आठवड्यात जमवलेल्या हजार लिंकांवर शोधणारं यंत्र संशय घेतं. शाळेने, ग्रामपंचायतीने, कर्नाळ्याला जाणाऱ्या ट्रेकवाल्यांनी पंधरा वर्षांपूर्वी दिलेल्या आणि अजून टिकलेल्या शंभर लिंका मात्र वजनदार.

काकांच्या पत्त्याला अशा एकशे एकेचाळीस होत्या. तो पत्ता ज्याच्या हाती, त्याला पहिलं येण्यासाठी काहीच करावं लागत नव्हतं.

मी चिरनेरला गेले. काका पडवीत बसले होते. वय अडुसष्ट, डाव्या हाताला तीन बोटं. बाकीची दोन, दोन वेगवेगळ्या सापांनी नेली होती. त्यांची मुलगी समीक्षा घरीच नऊवारी शिवते. यंत्र थांबवून ती चहाला आत गेली.

"मीच इसरलो," काका म्हणाले. मी अजून काही विचारलं नव्हतं. "पत्त्याची मुदत सपली, पैसे भरायचे राह्यले. कुनीतरी उचलला. पोलिसांना लिहून दिलाय तसा."

"कधी संपली?"

"गेल्या म्हयन्यात कवातरी."

"तुमचा फोन वाजलाच नसेल या दिवसांत. शंका नाही आली?"

भिंतीवरच्या खिळ्याला त्यांचा मोबाइल पिशवीत टांगलेला होता. ते त्याच्याकडे बघत राहिले. "म्हटलं, यंदा साप कमी हायत."

तेवढ्यात माझाच फोन वाजला. दारात समीक्षाच्या हातातला ट्रे हलला आणि दोन्ही कप सांडले. "सॉरी ताई," ती म्हणाली. "फोन वाजला की मला अजून... सॉरी." ती फडकं आणायला गेली ती बराच वेळ आलीच नाही.

घरी येऊन मी त्या पत्त्याची नोंद उघडली. अशा नोंदीत पत्त्याचा जन्म लिहिलेला असतो. मी तो वाचला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला.

महादेव काका खोटं बोलत होते. शकूबाईचं बरोबर होतं.

३

कारण सोपं आहे. पत्त्याची मुदत संपली तर तो लगेच कुणाला मिळत नाही. आधी साइट बंद पडते, महिनाभर तरी बंद राहते, मग पत्ता मोकळा सुटतो. पुढे जो उचलतो, त्याच्या नावाने नवी जन्मतारीख लागते. इथे जन्म २००९ चाच होता. आणि साइट एक दिवससुद्धा बंद नव्हती. माझ्याकडे पनवेलच्या शोधांचा दर सोमवारचा तक्ता असतो. काका प्रत्येक सोमवारी पहिले. बंद पडलेलं घर पहिल्या नंबरवर राहत नाही.

म्हणजे मुदत संपलीच नव्हती. पत्ता कुणीतरी हातात दिला होता.

असा पत्ता द्यायचा तर मालकाच्या मेलवर एक कोड येतो, तो घेणाऱ्याला कळवावा लागतो. हा मेल कुणाकडे होता? साइट बांधली होती काकांच्या पुतण्याने, प्रणितने. आता तो बंदरात क्रेन चालवतो. पाळी सुटल्यावर तो गेटबाहेरच्या टपरीवर भेटला.

"घरचा मेल हाय तो," प्रणित म्हणाला. "पासवर्ड मी, काका आनि समीक्षा, तिघांना माहीत. तुमी माज्यावर आलात ना? या. गाव पन येतंय."

"तू दिलास?"

"मी काकांबरोबर पयला साप धरला तवा अकरा वर्षांचा होतो. सहा वर्षं झाली, साइटला हात लावला नाय. रोजचं लिहायचं काम समीक्षा करते." तो चहा न पिता ग्लास फिरवत बसला. "त्या सकाळी माजी सुट्टी होती, ताई. मी घरात झोपलेलो. माजा नंबर तिथं असता तर जासईला धा मिनिटांत पोचलो असतो."

"घेणारा कोण, काही कल्पना?"

"तुमच्याच धंद्यातला असंल. जुन्या पत्त्याची किंमत आमाला काय कळनार?"

ते मला टोचलं. कारण जुने पत्ते शोधून विकणारा पनवेलमध्ये एकच माणूस होता, आणि गेल्या दिवाळीत त्याने मला फराळ पाठवला होता.

४

मिथुनचं ऑफिस नवीन पनवेलला आहे, एसी जोरात, खुर्च्या कमी. "विनिता मॅडम! आमची फी वाढलीय की तुमची कमी झाली?"

मी कोमलच्या फोनचा फोटो टेबलावर ठेवला. त्याचं हसू गेलं.

"मी फक्त मध्ये होतो," तो म्हणाला. "उदयसिंहना अर्जंटवाले फोन हवे होते. नवी साइट वर यायला वर्ष लागतं, तुम्हाला माहीतै. मी त्यांना म्हटलं, वय विकत घ्या. जुन्या लिंका आयत्या मिळतात. मजकूर तोच ठेवा, म्हणजे यंत्रालाही वाटतं घर तेच आहे."

"आणि माणसांनाही."

त्याने फोटो माझ्याकडे परत सरकवला.

"दिलं कुणी?"

"नाही माहीत. खरंच. सगळं मेलवर झालं."

उदयसिंह हायवेलगत एका खोलीत सहा फोन घेऊन बसतात. अपघात, हार्ट, साप, काहीही असो. फोन उचलायचा आणि जो खाजगी दवाखाना त्यांच्याशी बांधलेला आहे तिकडे पेशंट पाठवायचा. आनंदाला त्यांनी पाठवला तिथे सलाईन होतं, बिल होतं, सापाचं इंजेक्शन नव्हतं. दोन तास त्याला तिथे ठेवून घेतला. सरकारी दवाखान्यात त्या दिवशी इंजेक्शन होतं. साइट काकांच्या हातात असती तर ते तिथे लिहिलेलं असतं.

"देखिए मॅडम, मी डॉक्टर नाही. मी रस्ता दाखवतो," उदयसिंह म्हणाले. "त्या तेवीस दिवसांत सापाचे आणखी चार पेशंट आले. चारही ठणठणीत आहेत."

"बिनविषारी चावले असतील."

"ते देवाचं डिपार्टमेंट."

मी उठले. दाराशी असताना ते मागून म्हणाले, "चोरी नाही केली मी. पैसे देत होतो, तिकडून घेतले नाहीत. एकच अट होती."

"कोणती?"

"म्हाताऱ्याचा नंबर कुठेही राहता कामा नये. एकसुद्धा फोन त्याच्याकडे गेला नाही पाहिजे."

मी दारातच उभी राहिले. काहीही न घेता द्यायचं आणि बदल्यात फक्त शांतता मागायची, हे चोराचं काम नव्हतं.

५

मेल तिघांकडे होता. प्रणितने आपण हात लावला नाही असं सांगितलं होतं, पण सांगणं मला मोजता येत नाही. लिंका मोजता येतात.

माझ्या तक्त्यात प्रत्येक लिंकेपुढे दोन तारखा असतात, पहिल्यांदा दिसली ती आणि शेवटची दिसली ती. जन्म आणि मृत्यू. दुपारभर मी त्या एकशे एकेचाळीस ओळी वाचत बसले. उरणची शाळा, २०१०, अजून आहे. ट्रेकवाले, २०११, आहे. अरुंधती बाईंच्या शिक्षक मंडळाचं पान, २०१३, आहे. एका जुन्या दैनिकाची बातमी, आहे. पत्ता हातातून गेला, पान बदललं, माणूस मेला, तरी सगळ्या ओळखी जागच्या जागी. कुणाला काही कळलंच नव्हतं, मग काढणार कोण?

एकच ओळ वेगळी होती. लिंक २०१४ सालची. शेवटची दिसली त्याला आज अडतीस दिवस झाले होते.

पत्ता आणि पान बदलल्याला एकोणतीस दिवस. म्हणजे त्याच्या नऊ दिवस आधी, जेव्हा काकांची साइट अगदी धडधाकट होती, तेव्हा कुणीतरी ही एक लिंक हाताने पुसली होती. ज्या पानावर ती होती ते पान शाबूत होतं. त्याचं दुसरं एक अक्षर बदललं नव्हतं. फक्त तळाची एक ओळ गेली होती.

इंटरनेटवर जपून ठेवलेल्या जुन्या प्रतींमध्ये मी ती ओळ शोधून काढली. तिथे दोनच शब्द होते: 'आमचे बाबा'.

पानाचं नाव होतं, 'समीक्षा मोकल, शिवलेली नऊवारी, चिरनेर'.

त्या पत्त्यावर पुढे बाबा राहणार नाहीत, दुसराच कुणी असणार, हे त्या दिवशी त्या घरात एकाच माणसाला माहीत होतं. तिला ते दोन शब्द परक्याच्या दारावर ठेवणं जमलं नव्हतं.

६

मी सातव्या दिवशी पुन्हा चिरनेरला गेले. समीक्षा शिवणयंत्रावर होती. मी कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो वाचला, सुई कापडातच राहू दिली.

"घेणारे मला मेलवर सांगत होते की पाच अँब्युलन्स आहेत," ती म्हणाली. "डॉक्टर फोनवर असतील. बाबांपेक्षा लवकर पोचतील. मला ते खरं वाटलं. मला खरं वाटायला हवं होतं, ताई."

"का?"

"मागच्या वर्षी त्यांना तिसऱ्यांदा चावलं. तीन दिवस मी आयसीयूबाहेर बसले. घरी आले आणि त्याच संध्याकाळी फोन वाजला, आणि हा माणूस हाताची पट्टी न सोडता स्कूटरवर बसला. आई याच फोनांपायी झुरून गेली. जेवताना फोन, तिच्या तेराव्याला फोन. मी हात जोडले, रडले. मला म्हणायचे, पोरी, लोकांनी पयलं दाबलं तर आपन उचलायचा."

पडवीतून काका आत आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आनंदा गेला त्या दुपारी मी साइट उघडली," ते म्हणाले. "मंग हिला इचारलं. हिनं सांगितलं. विनिताताई, हिनं माजा जीव राखाया केला. आता मी हिचा राखतो. माजं लिहून दिलेलं हाय तसं ऱ्हाऊ द्या. म्हातारा इसरला. म्हाताऱ्याला कोन काय करनार?"

"तुमच्यावर कुणाचा विश्वास बसत नाहीये, काका."

"म्हंजे?"

"तुम्ही विसरूच शकत नाही असं शकूबाई म्हणते. सुनेचं चुकलं आणि तिला वाचवायला तुम्ही खोटं बोलताय, असं तिचं ठाम मत. तेराव्यानंतर कोमलला घरातून काढणार. पोरगा ठेवून घेणार."

काका खाली बसले. तीन बोटांचा हात गुडघ्यावर पडला होता. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. चाळीस वर्षं कमावलेला चांगुलपणा त्या पोरीवर जाऊन पडेल, हे त्यांच्या डोक्यात कसं यावं?

"किती वर्षांचा हाय पोर?"

"चार."

मग समीक्षाने कापड घडी घालून बाजूला ठेवलं आणि पायात चपला सरकवल्या.

"बाबा, तुम्ही नका येऊ," ती म्हणाली. "तुम्ही आलात तर त्यांना पुन्हा वाटेल, तुम्हीच सांभाळून घेताय."

७

माझ्या गाळ्यात चारच खुर्च्या आहेत. शकूबाई या वेळी आत आली. कोमल तिच्यापासून एक खुर्ची सोडून बसली. समीक्षा बसलीच नाही.

मी तक्ता दाखवला, तारखा दाखवल्या. कोमलने दाबलं ते पहिलंच होतं, तेच जे आनंदाने सांगितलं, तेच जे गावाने शिकवलं. मग समीक्षाने उरलेलं सांगितलं. काही वगळलं नाही. "इथून मी पोलिसांकडे जातेय," ती म्हणाली. "त्याआधी तुम्हाला सांगायचं होतं."

बाहेर पोळ्या लाटायचा आवाज येत होता. शकूबाई उठली. मला वाटलं, मारणार. ती समीक्षाच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"तुजा बाप जिता हाय ना?"

"हो."

"मंग झाला तुजा काम."

शकूबाईने तिच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. ती सुनेकडे वळली. माफीबिफी तिच्या तोंडाला माहीत नव्हती. पदराचं टोक दोनदा पिळलं आणि म्हणाली, "चल. पोर उठला असंल. तुज्याबिगर तो खात नाय."

कोमलच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तेव्हा, मांडीवरच्या फोनवर.

"आई, तुमी व्हा फुडं. मी येते." मग मला म्हणाली, "मॅडम, आता शोधलं तर पयलं कोन येतं?"

मला हाच प्रश्न नको होता. "तेच," मी म्हटलं. उदयसिंहांनी फोन उचलणं बंद केलं होतं, पण पत्ता त्यांच्याच नावावर होता आणि तो परत मिळवायला काही महिने जाणार होते. काकांसाठी मी नवी साइट बांधली होती. ती दोन दिवसांची होती, तिला कुणी ओळखत नव्हतं, आणि ती शोधात पाचव्या पानावर होती. तिकडे काका चुन्याची बादली घेऊन शाळांच्या भिंतींवरचं 'पहिलं दाबा' पुसत फिरत होते. पण लोकांच्या बोटांतलं कसं पुसणार? भातकापणी आठ दिवसांवर आली होती. विळा घेऊन माणसं उभ्या पिकात शिरणार, आणि कुणाला काही चावलं की नुसता वाजत राहणारा फोन लागणार.

"त्या लिंका काढता येतील?"

"ज्याने दिली त्यालाच काढता येते. एकेकाला फोन करून. आणि काढल्या तरी यंत्र लगेच विसरत नाही. जुन्या ओळखीचा भार काही आठवडे तरी राहतो. नव्या पत्त्याकडे वळवल्या तर बरं, पण तिथे त्यांचं वय पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू."

"किती हायत?"

"एकशे चाळीस."

तिने यादीसाठी हात पुढे केला. मी दिली, नावं अकारविल्हे आणि पुढे फोन नंबर. कागद चार होते आणि अक्षर बारीक होतं. ती पहिल्या ओळीवर बोट ठेवून नंबर लावायला लागली, डोळ्यांतल्या पाण्याने दोनदा चुकली.

समीक्षा अजून दारातच होती. कोमलने वर न बघता शेवटचे दोन कागद टेबलाच्या पलीकडच्या बाजूला सरकवले.

"नंबर वाचा तुमी," ती म्हणाली. "मला दिसत नाय."

समीक्षा पुढे आली, कागद उचलला नाही, तिच्या खांद्यावरून वाकून पहिल्या ओळीचा नंबर एकेक आकडा करून वाचत गेली. घंटी वाजली. पलीकडे कुणीतरी उचलला.

"अरुंधती बाई काय? नमस्कार. मी जासईवरनं बोलते, आनंदा घरतची बायको," कोमल म्हणाली. "बाई, तुमच्या मंडळाच्या पानावर एक जुनी लिंक हाय."